शुक्रवारचं घड्याळ

गल्लीच्या तोंडाशी ज्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्या गृहस्थाला एकाच गोष्टीचा गर्व होता. त्याच्या हातून गेलेलं घड्याळ वेळ चुकत नसे. बाकी गर्व करण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. डोक्यावरचे केस केव्हाच निरोप घेऊन गेले होते, आणि चर्चमध्ये तो गायला लागला की पुढच्या बाकावरच्या बायका मागे वळून पाहत. असा हा वेळेचा पक्का माणूस बावीस वर्षं दर शुक्रवारी स्वतःच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ हाताने चुकवत आला होता, आणि तेही बायकोला पत्ता लागू न देता.

त्याला कारण होतं. मुलगी पाच वर्षांची असताना तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बायकोने दवाखान्याच्या जिन्यात गुडघे टेकले. पोर वाचली तर मरेपर्यंत दर शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही, असा शब्द तिने देवाला दिला. पोर वाचली. तेव्हापासून पोरीचा जीव आपल्या उपासाला टांगलेला आहे, हे बाईंच्या मनाने पक्कं घेतलं.

पाळक दर महिन्याला एकदा तरी सांगत की देवाची कृपा फुकट आहे, ती नियम पाळून मिळवायची नसते, आणि मिळाल्यावर नियम पाळून टिकवायचीही नसते. बाई मान डोलावत. प्रवचन अगदी पटे, फक्त ते बाकीच्यांसाठी आहे असं त्या धरून चालत.

उपास सुरू होऊन दीड महिना झाला असेल. एका रणरणत्या शुक्रवारी घड्याळजी दुपारी घरात आला तर ही शिवणयंत्रापाशी बसून पाण्याच्या माठाकडे बघत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्याने समजूत घातली असती. ती नुसती बघत होती, आणि ते त्याला बघवलं नाही. ती आत कापड आणायला गेली, तसं त्याने स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

पुढच्या शुक्रवारी पंधरा. मग वीस. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, तेव्हा सढळ हाताने. उन्हाळ्यात जरा जपून. टोल्यांचं घड्याळ उलटं फिरवलं तर बिघडतं, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर ती प्रार्थनेला बसली की तो लंबक थांबवून ठेवी आणि खरी वेळ येऊन गाठेपर्यंत वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग करी. पकडला जायची भीती नव्हती. शुक्रवारी ती रेडिओ लावत नसे, फोन दुकानात त्याच्याजवळ ठेवायला देई, आणि दुकानातल्या दुरुस्तीला आलेल्या घड्याळांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आजारी माणसांच्या बोलण्यावर जाऊ नये, असं ती त्यांच्याबद्दल म्हणे. घड्याळजीच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ चुकेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

पण आजचा शुक्रवार निराळा होता. पोरगी आता सत्तावीस वर्षांची, दूरच्या शहरात नांदत होती, आणि तिच्या हृदयावर आज दुपारी बारा वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली होती. जावई तिथे बसून होता. बाईंना प्रवास झेपण्यासारखा नव्हता, कारण गेल्याच शुक्रवारी त्या यंत्रावर डोकं टेकून बेशुद्ध पडल्या होत्या. साखरेच्या गोळ्या चालू असताना असे उपास केलेत तर एक दिवस उठणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. त्यावर बाईंनी काय करावं? आज सकाळी जाहीर केलं की या वेळी सहापर्यंत भागायचं नाही. रविवारची उपासना होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही.

ऐकून घड्याळजीची पाचावर धारण बसली. घड्याळ फार तर तासभर पुढे ढकलता येतं. रविवार ढकलता येत नाही. तरी हाताला सवय, म्हणून दुपारी त्याने काटा चाळीस मिनिटं पुढे सारला होता, आणि मग स्वतःच्याच मूर्खपणावर चिडून दुकान बंद करून स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

समोर बायको चादरीला दुमड घालत होती. सुईत दोरा ओवायला तिला चार खेपा लागल्या. ओठ पांढरे पडले होते. टेबलावर फोन पालथा ठेवला होता, आज तेवढी सूट होती.

सांगून टाकावं, हे त्याच्या जिभेवर दिवसभर होतं. पण सांगितलं आणि तिकडे पोरीला काही झालं तर? ही जन्मभर त्याच्याकडे खुनी म्हणून बघेल. आणि नाही सांगितलं तर ही रविवार बघणार नाही. त्याला रडू येत होतं, आणि त्या रडण्याचा रागही येत होता.

"अगं, ऐक," तो म्हणाला. "ते घड्याळ पुढे आहे."

"मग नीट करा की. घड्याळजीच्या घरात ही तऱ्हा!"

"बिघडलेलं नाही. मी केलंय पुढे." त्याने फोन उलटा करून तिच्यासमोर धरला. फोनवर सव्वाचार वाजले होते, भिंतीवर पाचाला पाच कमी. "दर शुक्रवारी करतो. ती पहिलीत होती तेव्हापासून."

तिने सुई नीट सुयांच्या उशीत खोचली. चादरीची घडी घातली.

"म्हणजे माझा उपास..."

"पहिले पाच-सहा शुक्रवार सोडले तर एकदाही पुरा झालेला नाही."

"तुम्ही माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलात." आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आणि आज सांगताय? आज?"

"आज नाही सांगितलं तर तू माझ्या हातची जाशील. तुला तहानेलेलं बघवलं नाही मला, एवढाच माझा गुन्हा. काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी पाणी पी."

ती शिव्या देईल, रडेल, उठून जाईल, कशालाही तो तयार होता. ती मात्र मागे गेली, आणि एकेक वर्ष चाळत पुढे येऊ लागली.

"तिला न्यूमोनिया झाला होता, त्या शुक्रवारी?"

"त्या शुक्रवारी तर तासभर पुढे होतं. दोन रात्री जागली होतीस तू."

"आणि त्याच संध्याकाळी ताप उतरला."

"उतरला. मी लंबक थांबवत होतो, तेवढ्यात तिने आतून हाक मारून बिस्किटं मागितली."

"सायकलवरून पडली तेव्हा?"

"अर्धा तास."

"लग्नाच्या आदल्या दिवशी?"

"पाऊण. त्या दिवशी तुला मरणाचं काम होतं."

तिने दोन्ही तळवे चादरीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. हातांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते.

"मग इतकी वर्षं तिला सांभाळलं कुणी?"

उत्तर त्याला ठाऊक होतं. पाळकांच्या तोंडून दर महिन्याला ऐकलेलं होतं. पण काही उत्तरं दुसऱ्याने दिली की फुकट जातात.

"मी नाही," ती सावकाश म्हणाली. "मी नव्हतेच."

चोराच्या भीतीने दाराला पाठ लावून कुणी वर्षानुवर्षं उभं राहावं, आणि एक दिवस मान वळवून बघावं तर कडी आधीपासून लावलेलीच असावी, तशी ती दिसत होती. आधी खुळ्यासारखी, मग दमलेली. बावीस वर्षांचा शीण एकदम तिच्या खांद्यांवर उतरला आणि तिथेच विरघळला, असं त्याला वाटलं. ती रडली, पण थोडंच.

"आणि आज?" तिने विचारलं.

"आजचं मला माहीत नाही."

"म्हणजे काहीही होऊ शकतं."

"होऊ शकतं. पण तू पाणी प्यायलीस म्हणून नाही होणार."

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली.

शुक्रवारी हे वाक्य त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. तो धडपडत उठला. ती पाणी घटाघटा प्यायली, गळ्यावर सांडलं तरी थांबली नाही. त्याने दूध गरम केलं, पाव कापला, डॉक्टरीणबाईंची गोळी शोधून पुढ्यात ठेवली.

"आधी ते घड्याळ खऱ्या वेळेवर लावा," ती म्हणाली. "सहा वाजलेत अशी समजूत करून घेऊन नाही जेवायचं मला. साडेचार वाजलेत, तर साडेचारलाच जेवायचंय."

तो स्टुलावर चढला. चोरीचा मामला असताना लंबक थांबवावा लागे, आज लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काटा उलटा फिरवायचा नाही, म्हणून त्याने तो सरळ पुढे फिरवत न्यायला घेतला. प्रत्येक तासाला थांबून टोले पुरे होऊ द्यावे लागत. पाच तर मघाशी बोलण्यातच वाजून गेले होते. आता सहा.

सहाचे टोले पडू लागले तसा तिचा हात दुधापाशी थबकला. बावीस वर्षं कान त्या आवाजावर ठेवून काढली होती. एक, दोन, तीन... सहाही पडून गेले आणि काही झालं नाही. तिने पावाचा तुकडा दुधात बुडवला आणि तोंडात घातला.

सात वाजले, आठ वाजले. नवाचे टोले पडत असताना टेबलावरचा फोन वाजला. तिच्या ताटलीला लागूनच होता तो. जावयाचं नाव दिसत होतं.

घड्याळजी काट्यावर बोट धरून स्टुलावर तसाच खिळला. तिने फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हातातला घास तिने खाली ठेवला नाही.

"तुम्ही घ्या," ती म्हणाली. "मी जेवतेय."