नाव मराठीतच लिहा

मी एक जुना फॉर्म आहे. कागदाचा नव्हे, मित्रांनो. कागदाच्या फॉर्मला निदान रद्दीत तरी जागा मिळते. मी पडद्यावरचा फॉर्म. चार चौकटी, एक पासवर्डची जागा आणि खाली 'नोंदवा' लिहिलेले निळे बटण, एवढाच माझा देह. माझ्या पाठीमागे एक तक्ता असे. लोक समोर बसून जे लिहीत, ते त्या तक्त्यात नेऊन ठेवणे हे माझे काम. आता मला कोणी उघडत नाही, त्यामुळे ते काम मी कसे केले हे खरेखरे सांगायला माझी काही हरकत नाही.

माझा जन्म एका पाळणाघराच्या कार्यालयात झाला. तिथे पन्नाशी ओलांडलेल्या एक टायपिस्टबाई होत्या. वीस वर्षे त्या मुलांची नावे नोंदवहीत लिहीत होत्या. एके दिवशी व्यवस्थापक त्यांच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना? मग नावनोंदणी ऑनलाइन करून टाका. लॉगिन-बिगिन सगळं पाहिजे." बाईंना कॉम्प्युटर येत होता म्हणजे पत्रे टाइप करता येत होती. सुई ओवता येते म्हणून एखाद्याला कोट शिवायला सांगावे, तसा तो प्रकार होता. पण साहेबांना नाही म्हणायची बाईंची रीत नव्हती.

मग बाई शिकू लागल्या. इंटरनेटवर नवशिक्यांनी प्रश्न विचारायचे आणि जाणत्यांनी उत्तरे द्यायची, अशी एक जागा होती. बाई तिथे विचारत. फॉर्ममध्ये लिहिलेले तक्त्यात कसे जाते? लॉगिन करणारा माणूस तोच आहे हे कसे ओळखायचे? बटण दाबल्यावर पान कोरे का होते? जाणते लोक उत्तरे देत, पण आधी चार शब्द सुनावल्याशिवाय नाही. एकाने लिहिले, 'हे तर शाळकरी पोरालाही येतं.' बाईंनी तो अपमान गिळला आणि त्याखालचे उत्तर वहीत उतरवून घेतले. दीड महिन्यात मी उभा राहिलो.

नावांच्या बाबतीत बाई फार हळव्या होत्या. इंग्रजी अक्षरांत लिहिले की आपल्या नावांचे कसे धिंडवडे निघतात, हे त्यांनी वीस वर्षे पाहिले होते. एकाच आईचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचे, आणि कोणता कागद खरा यावरून तिलाच हेलपाटे. म्हणून माझ्या पहिल्या चौकटीवर त्यांनी लाल अक्षरांत लिहिले, 'नाव मराठीतच लिहा'. माझ्या सगळ्या अंगात त्यांना ती ओळ सर्वांत लाडकी होती. आणि मला तपासताना मात्र त्यांनी काय लिहिले, तर इंग्रजीत 'टेस्ट'. वहीतल्या उदाहरणात तसेच होते. अकरा वेळा तपासले, अकराही वेळा नाव तक्त्यात नीट पोचले. स्वतःचे नाव एकदा मराठीत लिहून बघावे, हे काही त्यांना सुचले नाही.

समितीच्या बैठकीत साहेबांनी मला मोठ्या पडद्यावर दाखवले. "आम्ही हे घरच्या घरी केलं," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. त्या 'आम्ही'मधल्या बाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना फोन नंबरचीही एक चौकट हवी होती, पण साहेबांनी ती काढायला लावली. "नंबर घेतला की फोन करावा लागतो, बाई. लोक लॉगिन करून आपापला क्रमांक बघतील." तेव्हा आई किंवा वडिलांचे नाव, मुलाचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता, एवढेच राहिले. जागा आठ होत्या. ज्याचे नाव आधी, त्याचा क्रमांक आधी.

चौथ्या क्रमांकावर एक आई आली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. मुलगी दीड वर्षाची. सासूबाई सांभाळत होत्या, पण त्यांची नजर अधू झाली होती, आणि पोर गॅलरीच्या कठड्यापर्यंत पोचू लागले होते. मुकादमाने तिला सांगून ठेवले होते, की महिनाअखेरपर्यंत मुलीची सोय कर, नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो. तिने मोबाइलवर माझी लाल ओळ वाचली आणि एकेक काना, एकेक मात्रा शोधून शुद्ध मराठीत नाव लिहिले. मी म्हणालो, 'धन्यवाद. तुमचे नाव नोंदले गेले आहे. तुमचा क्रमांक चार.' तिने तो एका चिठ्ठीवर टिपून घेतला.

मित्रांनो, मी खोटे बोललो. तिच्या नावातल्या प्रत्येक खुणेच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या, कान्याच्या, मात्रेच्या जागी मी तक्त्यात एकेक प्रश्नचिन्ह ठेवले होते. मला घडवताना एक छोटीशी गोष्ट राहून गेली होती, त्यामुळे मराठी अक्षर मला धरताच येत नव्हते. नावाची प्रश्नचिन्हे, मुलीच्या नावाची प्रश्नचिन्हे, पत्त्याची प्रश्नचिन्हे. फक्त जन्मतारीख तेवढी शाबूत राहिली. मला हे दिसत होते, पण मला तोंड दिले होते ते धन्यवाद म्हणण्यापुरतेच.

कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण ती परत लॉगिन करायला आली की तिने लिहिलेल्या नावाचीही मी तितकीच प्रश्नचिन्हे करी, पासवर्ड जुळवी आणि दार उघडी. गंमत एकदाच झाली. एका वडिलांना मी सांगितले, की हे नाव आधीच घेतलेले आहे. ते तणतणत कार्यालयात आले. "माझ्या आजोबांनी ठेवलेलं नाव आहे, घेतलं कोणी?" कोणी घेतले नव्हते. दुसऱ्या कोणाच्या नावात तितक्याच खुणा होत्या, एवढेच. बाईंनी त्यांना वडिलांचेही नाव जोडायला सांगितले आणि विषय संपला.

आठवड्याभराने त्या आईने आपल्या धाकट्या जावेलाही माझ्याकडे आणले. जावेचाही मुलगा सासूबाईंच्याच गळ्यात होता. "मराठीत कोण लिहीत बसतंय, ताई," जाऊ म्हणाली आणि तिने इंग्रजी अक्षरांत ठोकून दिले. तिला एकोणिसावा क्रमांक मिळाला. तिचे नाव तक्त्यात जसेच्या तसे गेले.

महिना संपत आला, तेव्हा साहेबांनी यादी छापून मागितली. कागद बघून ते म्हणाले, "हे काय? ही अर्धी यादी कोणत्या टवाळखोराने भरलीय?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी धावतपळत जाणत्यांना विचारले, की मी मराठीत नाव लिहिते आणि तक्त्यात प्रश्नचिन्हे दिसतात, माझे काय चुकले? 'हा प्रश्न शंभरदा विचारून झालाय. आधी शोधा,' असे म्हणून एकाने प्रश्नच बंद केला. दुसऱ्या कोणालातरी दया आली. त्याने खाली दोन ओळी लिहिल्या, की तक्त्याला देण्याच्या आज्ञेत नावाच्या आधी एक इंग्रजी अक्षर लावा, बस्स. बाईंनी ते लावले. मी त्या क्षणी दुरुस्त झालो, आणि त्याच क्षणी जुन्या लोकांना ओळखेनासा झालो. आता कोणी मराठीत नाव लिहिले की मी ते नाव जसेच्या तसे तक्त्यात शोधायचो, आणि तक्त्यात तर प्रश्नचिन्हेच होती. प्रश्नचिन्हांचे पुन्हा नाव करायची युक्ती कोणत्याही जाणत्याकडे नव्हती.

"साहेब, जन्मतारखा शिल्लक आहेत," बाई म्हणाल्या. "दारावर कागद लावू या. या तारखांच्या मुलांच्या पालकांनी येऊन भेटा म्हणून."

"म्हणजे आपली चूक आपणच दारावर चिकटवायची? समितीला मी काय तोंड दाखवू? काढून टाका त्या ओळी."

"पण माणसं आहेत ती, साहेब."

"ज्यांना गरज आहे ते पुन्हा भरतील."

बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मग त्यांनी ओळी पुसल्या. पहिल्या एकोणीस जणांतले अकरा गेले. जाऊ सरकत सरकत आठव्या क्रमांकावर आली. शेवटची जागा तिची झाली.

दोन दिवसांनी त्या आईने लॉगिन केले. मी म्हणालो, 'या नावाची नोंद आढळली नाही.' तिने पुन्हा केले. पाच वेळा केले. मग ती चिठ्ठी घेऊन कार्यालयात आली. जाऊही बरोबर होती, तिला प्रवेशाच्या कागदांवर सही करायची होती.

"माझा चौथा नंबर होता," आई म्हणाली. "हे बघा, लिहून ठेवलाय."

"कागदावर कोणीही काहीही लिहील," साहेब आतूनच म्हणाले.

आईने जावेकडे पाहिले. जावेने तिचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण आता ती बोलली असती, तर आठवी जागा कोणाची, हा प्रश्न निघाला असता. ती खाली मान घालून सही करत राहिली. मग आईने बाईंकडे पाहिले. बाईंना सगळे ठाऊक होते. एका वाक्याचे काम होते.

"ताई, तुमचा पासवर्ड चुकला असेल," बाई म्हणाल्या. "चुकला की नोंद सापडत नाही. होतं असं."

"हो का?" आई ओशाळून म्हणाली. "असेल. मला कुठं येतं हे सगळं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

तिथेच उभ्या उभ्या तिने पुन्हा नाव नोंदवले. या वेळी इंग्रजी अक्षरांत, जावेला विचारून विचारून, आणि तरीही चुकीचे. मी म्हणालो, 'धन्यवाद. तुमचा क्रमांक बेचाळीस.' पुढच्या सोमवारी धुलाईखान्यात दुसरी बाई आली. जावेच्या मुलाला पाळणाघरात सोडायचे कामही मग घरी बसलेल्या या आईकडेच आले. मला पुढे वर्षभराने बदलले. एका कंपनीने चकचकीत नवा फॉर्म बसवला आणि साहेबांनी त्याचेही कौतुक 'आम्ही' म्हणूनच करून घेतले.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या असा फॉर्म घडवतील. नवशिके असणे हा गुन्हा नाही. विचारा, चुका, पुन्हा विचारा. पण कोणाला धन्यवाद म्हणण्याआधी तक्त्यात डोकावून बघा, नाव पोचले का. स्वतःच्या आईचे नाव, ती लिहिते तसे लिहून बघा. आणि तुमच्या चुकीने पोळलेली एखादी आई तुमच्यासमोर येऊन उभी राहिली, तर ती चूक तिच्याच पदरात बांधून तिला घरी पाठवू नका. ती आई आजही समजत असेल, की आपल्या हातून काहीतरी चुकले म्हणून आपली नोकरी गेली. तिचा पासवर्ड मी प्रत्येक वेळी तपासत होतो. तिने तो एकदाही चुकवला नव्हता.