विषारी गोगलगाईचा सत्कार

मित्रांनो, मी एक म्हातारी समुद्रगोगलगाय आहे. गोगलगाय म्हटल्यावर हसू नका. माझ्याकडे विषाने भरलेला, भाल्यासारखा दात आहे. तो लागला की मासा जागच्या जागी लुळा पडतो, मग मी त्याला सावकाश गिळते. मला पळता येत नाही. पोट भरायला विषाशिवाय माझ्याकडे आहेच काय? तरी तुम्ही मला खुनी म्हणता आणि माझ्या नक्षीदार शंखावर मात्र जीव टाकता.

एका पाणबुड्याने मला समुद्रातून उचलून प्रयोगशाळेच्या टाकीत आणून सोडलं. तिथल्या संशोधक बाई नळीच्या तोंडावर पातळ रबर ताणून बांधायच्या, त्यावर मासा चोळायच्या आणि नळी माझ्यापुढे धरायच्या. वासाला भुलून मी दात मारायचे. विष नळीत जायचं आणि बक्षीस म्हणून मला मेलेला मासा मिळायचा. वर्षानुवर्षं मी अशी फसत राहिले. भुकेपुढे कुणाचं चाललंय?

"काम संपलं की तुला समुद्रात सोडीन हं," बाई म्हणायच्या. त्या एका वाक्यावर मी दिवस काढले.

माझ्या विषावरून त्यांनी वेदनेवरचं औषध शोधलं. आता ते यंत्रांवरच तयार होतं, माझी गरज उरली नाही. बाईंचे वडील हाडांच्या दुखण्याने तळमळत होते, त्यांनाही त्याचा गुण आला. परवा ते काठी टेकत आले आणि त्यांनी चक्क माझ्यापुढे हात जोडले. मी मेली हरखून गेले! वाटलं, आता सुटले.

"पोरी, हिच्यामुळे मला झोप लागायला लागली," ते म्हणाले. "हिचा शंख देशील मला? उशाशी ठेवीन. रोज आठवण राहील."

"बाबा, ती जिवंत आहे अजून."

"म्हातारी झालीय म्हणतेस ना? समुद्रात सोडलीस तरी कोणीतरी खाईलच की तिला."

बाईंना वडिलांचा शब्द मोडवेना. "गारठून झोपेल ती," त्या म्हणाल्या, "दुखणार नाही तिला."

आता मी फ्रीझरमध्ये आहे. मित्रांनो, कोणाचे उपकार फेडायला निघालात, तर त्याला काय हवंय ते आधी बघा. हात नंतर जोडा. बाकी माझी काळजी नको. शंखाला ओरखडा येऊ नये म्हणून बाईंनी मला मऊ फडक्यात गुंडाळलं आहे.