बालाजीरावांचं इन्स्पेक्शन

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला, पण अक्कल होती तिथेच राहिली. उजवा हात लुळा पडला, जीभ आठवडाभर अडखळली. अण्णा नगरच्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या आणि कारण काही सापडलं नाही. डॉक्टर रम्या म्हणाल्या, "ठोके मधूनच बिघडत असतील तर हृदयात गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. ते यंत्रावर दिसलं तर वेगळी गोळी देता येईल. तोवर दुसऱ्या झटक्याची भीती आहेच."

मग छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला ठोके नोंदवणारी डबी. चौदा दिवस.

आमच्या बालाजीरावांनी लगेच त्याचं इन्स्पेक्शन करून टाकलं. अंबत्तूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फोरमन होते ना. कॉफी बंद, जिना बंद, माझ्याशी भांडणसुद्धा बंद. रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत फोटोसारखे बसायचे. मी म्हटलं, "अहो, त्या डबीला कॅमेरा नाही." तर म्हणाले, "रेकॉर्ड म्हणजे काय ते तुला काय कळणार?" मला कुठून कळणार, मी आपली त्यांना दोन वेळा भरवत होते.

चौदा दिवसांनी कागद आला. रम्याबाई त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सहा ठिकाणी नोंद तुटली आहे. प्रत्येक वेळी आधीचे पाच-सात सेकंद ठोके वेडेवाकडे आहेत. पण सलग तीस सेकंद तरी दिसायला हवेत, तेवढ्यावर गोळी सुरू करता येत नाही. वायर घामाने सुटली का?"

"घामानेच," हे म्हणाले. चेन्नईत घामावर काहीही ढकलता येतं.

रिक्षात मी खनपटीला बसले तेव्हा कबूल झाले. छातीत फडफड सुरू झाली की वायर काढायचे, थांबली की परत लावायचे. "साहेब यायच्या दिवशी बिघडलेलं मशीन ताडपत्रीखाली ठेवतात," असं वर मलाच शिकवलं.

"आणि मशीन बंद पडलं की ताडपत्री मी पांघरू का?" मी विचारलं.

त्यांनी डाव्या हाताने लुळा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "बिघाड सापडला की भंगारात काढतात, मधू." मला रडू आलं, आणि ह्या माणसापायी रडू आलं म्हणून आणखी राग आला.

पुन्हा वायरी लागल्या. नवव्या दिवशी दुपारी मी ताक देत होते, तेवढ्यात त्यांचा डावा हात छातीकडे गेला. मी पेला टाकला आणि तो हात धरला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागले. दहा. पंधरा. हात सुटायला धडपडला, मग सैल पडला. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली; ह्यांच्यातला दोष टिकून राहावा म्हणून देवाला पहिल्यांदाच विनवत होते. एकोणतीस. तीस.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"गप्प बसा," मी म्हटलं, आणि हात न सोडता पुढे मोजत राहिले. एकतीस. बत्तीस.