चौदा नंबरची पाहणी

नगरपरिषदेच्या सभागृहात विमानतळाची प्रतिकृती आणून ठेवली, त्या दिवसापासून सदस्य माना वर करून बोलू लागले. काचेच्या पेटीत स्पंजाची झाडे होती, आरशाच्या तुकड्याचे तळे होते आणि बोटाएवढी पांढरी विमाने होती. कोणी पाहत नाही अशी खात्री झाली, की एखादा सदस्य पेटीत हात घालून एक विमान हळूच पुढे सरकवी. मग त्याच्या चेहऱ्यावर, सगळे शहर आपणच उडवले आहे, असे समाधान पसरे.

या प्रतिकृतीत आमचा रस्ता नव्हता. विमानतळाच्या कुंपणाला लागून जाणाऱ्या, चौदा नंबरच्या बसच्या त्या रस्त्यावर लांब केलेली धावपट्टी येणार होती. म्हणून कारागिराने तिथे आधीच हिरवे फेल्टचे कापड चिकटवून टाकले होते. निर्णय अजून व्हायचा होता. गवत मात्र उगवले होते.

माझी थोरली बहीण कुंपणापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात नवजात बालकांच्या वॉर्डात परिचारिका आहे. आम्ही अलीकडे राहतो. मधे विमानतळ आणि त्याला वळसा घालणारा तो एकच रस्ता. नगरपरिषदेपुढे दोन पर्याय होते: धावपट्टीखालून बससाठी भुयारी मार्ग काढायचा, किंवा चौदा नंबर कायमची बंद करायची. बंद झाली, तर ताईला सगळे शहर ओलांडून, दोनदा बस बदलून जावे लागणार होते, आणि तशा वाटेने सकाळची पाळी गाठणे अशक्य होते. मेट्रनने तिला आडपडदा न ठेवता सांगितले होते, "हे बघ, बाळं कुणाच्या बससाठी थांबत नाहीत. वेळेवर यायला जमणार नसेल तर खाली नोंदणी कक्षात जागा आहे. वॉर्ड मी दुसरीला देईन."

नोंदणी कक्ष म्हणजे तळघरातली एक खोली, खिडकीविना. ताईने त्या खोलीचे वर्णन घरी एकदाच केले आणि नंतर कोणी विचारले, तर ती उठून भांडी घासायला जाई.

आमच्या नगरपरिषदेची एक रीत आहे. कोणताही निर्णय घेण्याआधी समिती जागेवर जाऊन प्रत्यक्ष पाहणी करते, आणि पाहणीआधी ती जागा मान्यवरांच्या नजरेला झेपेल अशी केली जाते. शाळेची पाहणी झाली तेव्हा मुलांना सुट्टी दिली होती. शाळा फार शांत आहे, असा शेरा मिळाला. बाजाराची पाहणी झाली तेव्हा हातगाड्या हटवल्या होत्या. बाजार प्रशस्त आहे, असे कळले. या रीतीत कोणाला काही वावगे वाटत नाही. पाहुणा यायचा म्हणून घर आवरावे, इतक्या निरागसपणे ते वास्तव आवरून ठेवतात.

तर वाहतूक समितीने ठरवले, की चौदा नंबरची सकाळची पहिली बस पाहायची. मान्यवरांची सकाळ जरा उशिरा होत असल्यामुळे त्या दिवशी पहिली बसच उशिरा सोडण्यात आली. माझे ग्रंथालय रुग्णालयाच्या पुढच्या थांब्यावर आहे. ते उघडण्याआधी तिथल्या पायऱ्यांवर वाचत बसायला मला आवडते, म्हणून मी रोज ताईसोबतच निघते. थांब्यावर सगळे नेहमीचे लोक ताटकळत उभे होते: रुग्णालयातल्या आया, धोबीखान्यातल्या बायका, विमानतळावर सामान चढवणारे हमाल. बस आली. आम्ही चढलो. नगरपरिषदेच्या इमारतीसमोर ती थांबली आणि वाहतूक अधिकारी दारात उभा राहिला. त्याच्या हातात सुगंधी फवाऱ्याचा डबा होता.

"चला, सगळ्यांनी उतरून घ्या."

"का हो? बिघडली?" एका हमालाने विचारले.

"बिघडली नाही. पाहणी आहे."

"मग पाहा की. आम्ही काय तोंडं झाकून बसू?"

"अहो, साहेबलोक बसणार आहेत. तुम्ही असलात तर त्यांना बस दिसेल का?"

ताई म्हणाली, "साहेब, माझी पाळी आहे. मी मागच्या सीटवर गुपचूप बसते."

"ताई, समजून घ्या. तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

आम्ही उतरलो. रिकाम्या सीटांवर फवारा मारला गेला. मग सभापती, समितीचे सदस्य आणि एक छायाचित्रकार चढले, आणि आमची बस आमच्याविना निघून गेली. काचेतून एक सदस्य हात हलवत होता. तो कोणाला निरोप देत होता, हे त्यालाही ठाऊक नसावे.

सभेत अहवाल वाचला गेला तेव्हा आम्ही दोघी नागरिकांच्या बाकांवर होतो. वाहतूक अधिकाऱ्याचा आवाज मधाळ होता. "समितीने संपूर्ण मार्गावर प्रवास केला. बस स्वच्छ व सुवासिक आढळली. तथापि, समितीच्या सदस्यांखेरीज एकही प्रवासी आढळला नाही. सबब, या मार्गाची नागरिकांना गरज नसल्याचे दिसते."

विमानतळाच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या सदस्याला गावात सगळे 'टेकऑफ' म्हणत. तो उठला. "सभापती महाराज, रिकाम्या बससाठी आपण भुयार खणणार? उद्या जग आपल्याकडे उतरणार आहे, आणि आपण जमिनीत बिळं करत बसायचं?"

बाके वाजली. ताई उभी राहिली. तिचा आवाज वॉर्डातला होता, झोपलेल्याला न उठवणारा. त्यामुळे सगळ्यांना कान द्यावा लागला.

"साहेब, प्रवासी होते. आम्ही होतो. तुम्ही आम्हाला उतरवलंत."

सभापतींनी चष्मा काढला. "बाई, पाहणी चालू असताना तुम्ही बसमध्ये होता का?"

"नव्हते. उतरवलं म्हणून नव्हते."

"म्हणजे नव्हता."

"अहो, पण..."

"आम्ही तुमच्या भावना समजतो. अहवालात मात्र भावना येत नाहीत. जे दिसतं ते येतं."

मागून तो हमाल ओरडला, "आम्हाला परत बसवा, मग दिसू!"

हशा झाला. सभापतीही हसले. लोक हसले की आपण लोकशाहीत आहोत, असे त्यांना वाटत असावे. त्या हसण्याच्या भरात त्यांनी जाहीर केले, की नागरिकांच्या आग्रहास्तव फेरपाहणी होईल, आणि या वेळी बसमध्ये प्रवासी असतील याची समिती स्वतः काळजी घेईल. पुन्हा बाके वाजली. ताईने माझा हात दाबला. घरी जाताना ती म्हणाली, "बघ, ऐकतात गं माणसं. सांगावं लागतं फक्त." तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो उजेड होता, त्याच्यापुढे माझी शंका क्षुद्र वाटत होती.

समितीने काळजी घेतली. प्रवासी हवेत, म्हणून प्रत्येक सदस्याने आपापले प्रवासी आणले. कोणी मेहुणे आणले, कोणी कार्यकर्ते, कोणी सोसायटीतले सेवानिवृत्त. 'टेकऑफ'ने आख्खे व्यायाममंडळ आणले. या वेळी साहेबांसकट सगळे पहिल्या थांब्यावरच चढले होते, त्यामुळे फेरपाहणीच्या दिवशी बस आमच्या थांब्याशी आली ती एका बाजूला कलत. दारांतून कोपर, पिशव्या आणि घोषणा बाहेर आल्या होत्या.

"कंडक्टर, दोघींना तरी घ्या हो!" धोबीखान्यातल्या मावशी ओरडल्या.

"कुठं घेऊ? डोक्यावर?" तो आतून केविलवाणा ओरडला. "सगळे प्रवासी आहेत आज!"

बस थांबलीच नाही. तिच्यामागून मान्यवरांच्या मोटारी येत होत्या, रिकाम्या, एकामागून एक. पाहणी संपल्यावर साहेबांना परत आणायला त्यांना सोबत ठेवले होते. कुंपणालगतच्या त्या अरुंद रस्त्यावर समोरून इंधनाचा टँकर आला. त्याला वाट द्यायला बसला मागे येता येईना, कारण मागे मोटारी होत्या. आणि मोटारी हटेनात, कारण प्रत्येक चालकाला आपल्या साहेबांच्या नजरेत राहायचे होते. सगळी वरात गोगलगाईच्या चालीने सरकू लागली.

ताईने पदर खोचला. "चल," एवढेच म्हणाली.

आम्ही चालू लागलो. कुंपणापलीकडे एक विमान पोट घासल्यासारखे उतरत होते. त्याच्या आवाजात आमच्या चपलांचा आवाज बुडाला. मोटारी मागे पडल्या. मग आम्ही बसच्या बरोबरीला आलो. खिडकीशी सभापती बसले होते, कोणाच्या तरी काखेखाली मान दुमडून. त्यांनी ताईला पाहिले आणि ओळखीचे हसले. ताईनेही मान लववली, जणू वाटेत एखादे दूरचे नातलग भेटावे. मग ती त्यांच्या पुढे निघून गेली.

इतके चालूनही ती उशिराच पोचली. मेट्रन दारातच उभी होती. तिने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि बाजूला झाली. ताई म्हणाली, मेट्रन रागावली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या अहवालाच्या वेळी सभागृहात नवा गालिचा होता. वाहतूक अधिकाऱ्याने घसा साफ केला. "फेरपाहणीत बसमध्ये प्रवाशांची धोकादायक गर्दी आढळली. असा मार्ग चालू ठेवणे जिवाशी खेळ ठरेल. बसचा वेगही अत्यंत मंद आहे. पायी जाणारी एक महिला बसला मागे टाकून गेल्याचे माननीय सभापतींनी स्वतः पाहिले. यावरून, हे अंतर नागरिक सहज पायी कापू शकतात, असेही सिद्ध होते."

मी ताईकडे पाहिले. ती समोरच्या प्रतिकृतीकडे बघत होती. बस रिकामी होती, म्हणून नको होती. बस भरलेली होती, म्हणूनही नको होती. आणि ताईचे थकलेले पाय आता विरुद्ध बाजूचे साक्षीदार झाले होते. एवढ्या निर्मळ मनाने केलेला मूर्खपणा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. त्यांच्यात कपट असते, तर त्याला निदान उत्तर देता आले असते.

हात वर झाले. विरोधात एकच सदस्य होता, आणि तोही गालिच्याच्या रंगावरून रुसला होता. चौदा नंबर बंद झाली. रस्ता धावपट्टीला मिळाला. 'टेकऑफ'ने पेढे वाटावेत तशी पेटीतली छोटी विमाने शेजाऱ्यांना दाखवायला सुरुवात केली.

सभापतींना मात्र ताईची दया आली असावी. त्यांनी तिला नावाने नव्हे, बोटाने बोलावले. "बाई, निराश होऊ नका. नव्या टर्मिनलमध्ये प्रथमोपचार कक्ष असणार आहे. तुमच्यासारख्या अनुभवी परिचारिका लागतील. अर्ज करा. मी शब्द टाकतो."

"उपकार होतील," ताई म्हणाली. "त्या टर्मिनलला कामावर जायला बस कुठली, साहेब?"

सभापतींनी अधिकाऱ्याकडे पाहिले. अधिकाऱ्याने कागद चाळले, मग पेटीत डोकावले, मग पुन्हा कागद चाळले. त्याचे कान लाल झाले होते.

"चौदा नंबर," तो म्हणाला.

"झाली ना बंद?"

"हो. आता... हो."

"मग माणसं जाणार कशी तिथं? साफसफाईची, सामानाची, स्वयंपाकाची?"

'टेकऑफ' मधेच म्हणाला, "ओ बाई, ते विमानतळ आहे. तिथं माणसं विमानानं येतात."

या वेळी कोणी हसले नाही. सगळ्यांना ते बरोबर वाटले असावे. क्षणभराने सभापतींना सुटकेचा मार्ग दिसला. "या बाबीची," ते प्रसन्न होऊन म्हणाले, "आपण पाहणी करू."

ताईने पिशवी उचलली. बाहेर पडताना तिने कोणाचाही निरोप घेतला नाही. इमारतीच्या पायऱ्यांवर ती थांबली, फोन काढला आणि मेट्रनला लावला. मला वाटले, ती एक संधी मागेल, थोडी मुदत मागेल. तिने काहीच मागितले नाही.

"मॅडम, वॉर्ड द्या दुसरीला," ती म्हणाली. "हो, मी तळघरात बसेन. नाही, रडत नाहीये. एवढं सांगा फक्त तिला, खिडकीजवळचं जे बाळ आहे ना, त्याला दूध पाजल्यावर लगेच खाली ठेवायचं नाही. खांद्यावर घेऊन उभं राहायचं. ते घाबरतं."

पलीकडून मेट्रन काही बोलली. ताईने मान हलवली, जणू ती तिला दिसत होती.

"किती वेळ म्हणजे? त्याचं होईपर्यंत, मॅडम. त्याला घाई नसते."