निळा टब आणि सिदाचे पाय

मित्रांनो, मी एक जुना, निळा, धुणं भिजवायचा टब आहे. माझा एक कान तुटला आहे आणि बुडाला जळकी शिवण आहे. तरी माझ्याइतक्या जवळून शर्यत पाहिलेला टब फिलिपिन्समधल्या आमच्या नेग्रोस बेटावर दुसरा नसेल. लोक शर्यत बघतात ती चेहऱ्यांकडे पाहून. मी जमिनीवर असतो, त्यामुळे मला आधी पाय दिसतात. चेहरा हसून वेळ मारून नेतो, पायांना ते जमत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. लाल, हिरव्या भावंडांबरोबर एकात एक बसून मी ट्रकने बाजारात आलो. तिथे मानोंग तेबानने मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि घरी नेलं. मानोंग म्हणजे थोरला भाऊ. तेबानला सारं गाव तसंच म्हणतं, कारण तो सगळ्यांच्या मदतीला धावतो. मोटारसायकलला बाजूला बसायची पेटी जोडलेली तीनचाकी तो चालवतो. कुणाचं छप्पर वादळात उडालं, कुणाची होडी वर ओढायची आहे, कुणाच्या लग्नात डुक्कर भाजायचं आहे, की तेबान हजर. बोलावलं नाही तरी हजर. त्याची बायको सिदा शाळेतल्या पोरांसाठी भाताची पेज रांधते. ती म्हणायची, "देवाने ह्याला दोन हात दिले, ते दोन्ही लोकांच्या कामात अडकलेले. माझ्या वाट्याला नुसतं तोंड येतं."

सुरुवातीची वर्षं मी धुणं भिजवलं, मासे धुतले, पावसात गळक्या छपराखाली बसलो. टबाचं आयुष्य असंच असतं, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

मग शेजारच्या घरी वाईट घडलं. तिथे सिदाची थोरली बहीण लुमेन राहते. लुमेनला साखरेचा आजार. टाचेला काटा लागला, तिने मनावर घेतलं नाही, जखम चिघळली आणि गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. इस्पितळात तिला तेबाननेच आपल्या तीनचाकीतून नेलं होतं. पुढच्याच वर्षी सिदाच्या रक्तातही साखर निघाली.

त्या संध्याकाळपासून माझं काम बदललं. तेबान माझ्यात कोमट पाणी ओतायचा, कोपर बुडवून ते फार गरम नाही ना हे बघायचा, आणि सिदाचे पाय धुवायचा. मग एकेक बोट पुसायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तळव्याखाली छोटा आरसा धरून नीट बघायचं. "ह्या पायावर काही नाही. आता तो," असं तो रोज म्हणायचा. एवढंच बोलणं व्हायचं. पण मित्रांनो, त्या कामाचा मला फार अभिमान वाटे. धुणं कुठलाही टब भिजवतो.

डॉक्टरांनी सिदाला चालायला सांगितलं होतं. चालता चालता ती पळायला लागली. मग भाच्याची पडून राहिलेली सायकल तिने घासूनपुसून काढली. पोहणं तर समुद्राकाठी वाढलेल्या बाईला नव्याने शिकावं लागत नाही. ती पळायची तेव्हा मागून तेबानची तीनचाकी धडधडत यायची. पेटीत मी, माझ्यात उकडलेली केळी, पाण्याची बाटली, टॉवेल आणि छत्री. दर वळणावर तो ओरडायचा, "सिदा, पाणी? सिदा, केळं? सिदा, जरा बसतेस का?" बिचारी पळणार कधी!

आमच्या गावात संताच्या जत्रेला एक शर्यत होते. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग पळत चर्चपुढची शेवटची रेघ गाठायची, मध्ये विसावा नाही. दुपारी चर्चची घंटा झाली की शर्यत बंद. त्यानंतर येणाऱ्याचं नाव लागत नाही. शहरातून सडपातळ माणसं तितक्याच सडपातळ सायकली घेऊन येतात. पन्नाशी उलटलेल्या सिदाने त्यात नाव दिलं, तेव्हा लुमेन ओसरीवरून म्हणाली, "हिला म्हातारचळ लागलाय." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पण जा. आपल्या दोघींत मिळून तीन पाय उरलेत. त्यातले दोन तरी त्या रेघेपलीकडे जाऊ देत." सिदाने ते हसण्यावारी नेलं नाही. ती रेघ तिला ओलांडायचीच होती.

समुद्रातून आलं की पायाची वाळू धुऊन बूट चढवायचे आणि सायकल काढायची. ही सगळी घाई सायकलींच्या तळावर होते. त्याला कुंपण असतं. इतरांनी आपल्या सायकलींशेजारी छोटे डबे ठेवले होते, त्यांच्यात मी म्हणजे बदकांच्या पिलांत म्हैस. एक तरुण म्हणाला, "मानांग, धुणं पण आणलंत का?" मानांग म्हणजे थोरली ताई. सिदा म्हणाली, "हो ना. तुझा शर्ट टाकून जा, परत येईस्तोवर भिजेल."

नियम आदल्या दिवशीच सांगितला होता. शर्यतीत उतरलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही, कुणी काही द्यायचं नाही. आपलं आपण करायचं. तेबानने मान हलवून ऐकलंही होतं.

पण सिदा समुद्रातून आली ती रक्ताळलेल्या पायाने. किनाऱ्यावरच्या कालवाच्या शिंपल्याची धार लागली होती. लाल पावलं वाळूवर उमटत आली आणि तेबानचं भान सुटलं. कुंपणावरून उडी मारून तो माझ्यावरच आदळला. त्याच्या गुडघ्याखाली माझं बूड तडकलं. तोवर त्याने तिचा पाय हातात घेतलाही होता.

शिट्टी वाजली. पंच असलेल्या ओलिवा बाई धावत आल्या.

"मानोंग, सोडा त्यांना. शर्यतीतून बाद झाल्या त्या."

"मॅडम, मी नवरा आहे तिचा. रोज धुतो मी हे पाय."

"म्हणून तर मला वाईट वाटतंय. पण नियम सगळ्यांना एकच."

"मग रक्त वाहू द्यायचं?"

"डॉक्टर बसलेत ना तिथे. तुमच्या बायकोने हाक मारली असती तर डॉक्टर आले असते. तुम्हाला कुणी हाक मारली होती?"

सिदाने अंगावरचा नंबर स्वतः काढून दिला. घरी जाताना ती पेटीत बसली होती, मांडीवर तडकलेला मी.

माझे वाईट दिवस सुरू झाले. मला मागच्या दारी टाकलं. माझ्यात कोंबडी अंड्यांवर बसली. कोंबडीबद्दल माझी तक्रार नाही, पण तिने मला धड एक दिवस स्वच्छ ठेवलं नाही. घरात अबोला होता. सिदा हातपंपावर जाऊन स्वतःच पाय खंगाळायची आणि तेबानला जवळ येऊ द्यायची नाही. रागाच्या भरात ती तळवे बघायचंही सोडून देत होती.

लुमेनचं मात्र ओसरीवरून सगळीकडे लक्ष असतं. एके सकाळी ती गरजली, "सिदा, लंगडतेस का? इकडे ये. पाय वर कर." टाचेवरचा फोड फुटला होता. अजून बिघडलं नव्हतं, पण बिघडायला वेळ लागला नसता. लुमेनने तेबानलाही हाक मारली आणि दोघांना समोर उभं केलं. "भांडायचं तर तोंडाने भांडा. पायांना कशाला ओढता त्यात? एक पाय घालवून बसलेली मी इथे कमी पडते का?"

तेव्हा सिदा बोलली. "तू धावत आलास त्याचा राग नाही, तेबान. पण सगळ्या गावासमोर मला वाटलं, ह्या माणसाचा माझ्यावर भरवसाच नाही. माझे पाय मला बघता येत नाहीत का?"

तेबान म्हणाला, "मला नुसतं उभं राहवत नाही गं. लुमेनचा पाय कापला तेव्हा मी दाराबाहेर नुसता उभा होतो."

त्याच संध्याकाळी कोंबडीला दुसरीकडे हलवलं आणि तेबानने सुरी तापवून माझी चीर सांधली. फार दुखलं, पण बरं वाटलं.

त्या वर्षी सिदाने जेवढा सराव केला, त्याहून जास्त तेबानने केला. अंगणात मला ठेवायचं, सिदाने धावत येऊन पाय धुवायचे, आरशात बघायचं, बूट घालायचे. तेबानने बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं. बूट अडकला की त्याचा हात आपोआप सुटायचा. लुमेन ओसरीवरून काठी आपटायची. "तेबान! हात!" आणि तेबान पुन्हा हातांवर बसायचा. शेजारी हे बघायला माडीचा पेला घेऊन येत. एवढ्या मोठ्या माणसाला काहीही न करायला शिकवणं इतकं अवघड असेल, असं मला वाटलं नव्हतं.

पुन्हा जत्रा आली. सकाळी सिदाने मला काठोकाठ भरून सायकलीशेजारी ठेवलं. पण मित्रांनो, माझी शिवण ठिबकत होती. समुद्र खवळला होता, एकेक सायकल निघून गेली आणि सिदाचा पत्ता नव्हता. ऊन चढलं. माझ्यातलं पाणी उतरत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, तिच्यापुरतं तरी राहू दे.

ती सगळ्यांत शेवटी आली. माझ्यात चार बोटं पाणी उरलं होतं. कुंपणापलीकडे तेबान हात काखेत दाबून उभा होता आणि तीनचाकीत बसलेल्या लुमेनने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. सिदाच्या डाव्या पायावर लाल रेघ होती. तेबानने ती पाहिली. कुंपण हललं, पण तेबान अलीकडे आला नाही.

सिदा बसली. घाई न करता तिने पाय धुतले, एकेक बोट पुसलं, आरसा धरला. नुसता ओरखडा होता. बुटात आधीच ठेवलेली पट्टी काढून तिने त्यावर चिकटवली. मग तिने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. तिने एकेक करून दोन्ही तळवे उचलले आणि कुंपणाकडे वळवून दाखवले. "बघ. ह्या पायावर काही नाही. ह्यावर एवढंच. दिसलं?"

तेबानने मान डोलावली.

लुमेन तीनचाकीतून ओरडली, "दिसलं, दिसलं! फोटो काढायचाय का पायांचा? पळ आता!"

सायकलचा टप्पा करून ती परतली तेव्हा तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. ती माझ्या काठाला धरून बसली, स्वतःच्या पोटऱ्या स्वतः चोळल्या, एकदा उठू पाहिलं, पुन्हा बसली. तेबान कुंपणाशी खाली बसला होता, हातांवर. दुसऱ्यांदा ती उठली आणि पळत गेली. पुढचं मला दिसलं नाही. माझं पाणी संपलं होतं आणि मी चर्चच्या दिशेला कान लावून होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आधी लोकांचा "सिदा, सिदा" असा आरडाओरडा ऐकू आला आणि मग घंटा.

तेबान अजून कुंपणाशीच उभा होता. ओलिवा बाईंनी स्वतः अडसर बाजूला केला. "या मानोंग. आता चालेल."

त्याने मला तीनचाकीत लुमेनशेजारी घातलं, चर्चपाशी नेलं आणि पाणी भरून पायऱ्यांवर ठेवलं. तिथे सिदा बसली होती, लुमेनही काठी टेकत तिच्या शेजारी बसली. तेबानने कोपर बुडवून पाणी पाहिलं. मग माझ्यात दोन थेंब पडले, ते नळाचे नव्हते. त्याने सिदाचा एक पाय धुतला. "ह्या पायावर काही नाही. आता तो." दुसराही धुतला.

तेवढ्यात लुमेनने आपला एकुलता एक पाय उचलून माझ्यात सोडला. "तिसरा राहिला," ती म्हणाली.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या मदतीला जरूर धावा, पण कधीतरी हातांवर बसायलाही शिका. ते जास्त कठीण आहे. आणि तुमच्या घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर आज संध्याकाळी त्यांचे तळवे बघा. टब कसलाही चालेल. गळका असला तरी.