साखरउतार बाबांचं बोट

बजाजनगरच्या मैदानात साखरउतार बाबांच्या मांडवातली रांग पार रस्त्यावर आली होती. आधी प्रसादाचा शिरा बोटांनीच घ्यायचा. लगेच चेला बोट टोचणार, साखर मोजायचं मशीन म्हणणार चारशे वीस. मग तीर्थाच्या बादलीत हात बुडवायचा, बाबा पुटपुटणार, दुसऱ्या टोचणीला एकशे नव्वद. टाळ्या. शेवटी इन्सुलिनचं पेन पिंपात.

द्वारकाबाईंच्या पिशवीत पेन होतं अन् पायात चुळबुळ. दोन वर्षं त्या लोकांपासून लपून, लग्नाकार्यात तर संडासात जाऊन सुई घ्यायच्या. काल रात्रीची चुकवली होती. घसा कोरडा पडलेला.

"टाक एकदाचं ते पेन," शेजारीण कडूबाई म्हणाली. तिनंच ओढून आणलं होतं.

"माई, सुई म्हणजे शरीरावर अविश्वास," बाबा म्हणाले. "कंपनं बदला, साखर स्वतःच लाजंल."

दोघींच्या हातावर शिरा पडला. चेल्यानं बोट धरताच द्वारकाबाईंनी हात मागं घेतला. दवाखान्यातल्या मधुमेह गटात सुमय्या सिस्टर दर शनिवारी बजावायची: आधी हात धुवा, मग टोचा.

"हात धुते."

"आधी नाय, नंतर," चेला म्हणाला.

"का वो? उलटं का?"

चेला बाबांकडं बघायला लागला. द्वारकाबाईंनी पिशवीतलं स्वतःचं मशीन काढलं. "कडूबाई, तुला साखर नाय ना? दे बोट."

शिऱ्याचं बोट, तीनशे ऐंशी. कडूबाईनं झटक्यानं हात मागं ओढला. बाटलीतल्या पाण्यानं तिचा हात धुऊन, पुसून, नव्या टोचणीनं पुन्हा बघितलं. अठ्ठ्याण्णव.

"मंत्र न म्हणताच उतरली बघ. बोटाची साखर थेंबात मिसळती, मशीन तीच मोजतं."

"आता बाबांचं बघा," मागून कोणीतरी म्हणालं.

सकाळपासून शिरा वाटणारं बोट. पाचशे तीस. मांडव हसला. बाबाही हसले, ऐटीत हात धुतले, खसाखसा पुसले.

तीनशे दहा.

बाबांनी तिसऱ्यांदा बोट पुढं केलं. तीनशे आठ. ते वाकून हळूच म्हणाले, "माई, सुई लई दुखती का?"

द्वारकाबाईंनी पेन काढलं, डोसाचा आकडा लावला अन् भर मांडवात, पहिल्यांदाच न लपता, पोटाला सुई घेतली.

"मुंगी चावल्यावानी. शनिवारी गटाला या. तिथं कोणी हसत नाय. अन् पिंपातली पेनं ज्याची त्याला द्या."

मग त्या रांगेकडं वळल्या. "मशीनवर भरोसा ठेवायचा तर हात धुऊन ठेवा. बाबावर ठेवायचा तर आधी त्याचं बोट टोचा."