कामशेतच्या भातगिरणीतला थोरला

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. ‘जुना’ हे इतरांच्या बाबतीत नुसतं वर्णन असतं. माझ्या बाबतीत मात्र मध्यंतरी अडीच महिने तेच माझं नाव होतं, कॉम्प्युटरमध्ये तशी रीतसर नोंद होती. माझं खरं नाव थोरला. ते कसं गेलं आणि कसं परत आलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं बारसं कुठं आठवतं? मला जाग आली ती कामशेतला, बाजारपेठेमागच्या भातगिरणीच्या ऑफिसात. खोक्यातून मला उचलणारे हात श्रीपतीभाऊंचे होते. भाऊ गिरणीचे कारकून. त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, पंच्याच्या टोकानं माझ्या पाठीवरचा भुसा पुसला आणि कागद लावला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

माझ्या डोक्यात चोवीस बारीक सुया आहेत. शाईच्या फितीवर त्या टकटक आपटतात आणि कागदावर अक्षर उमटतं. आपटतात म्हणूनच एकाखाली एक ठेवलेल्या तीन कागदांवर ते एका दमात उतरतं. तांदळाची गाडी निघाली की मी चलान छापायचो. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी प्रत फाटकावर, पिवळी आमच्या फायलीत. आवाज होतो माझा, नाही कशाला म्हणू? पहिल्याच दिवशी शेठनी कानांवर हात ठेवले होते. तेव्हा भाऊ म्हणाले, “शेठ, गिरणीत बसायचं आन्‌ आवाजाला नावं ठेवायची व्हय?” शेठ हसले आणि माझी नोकरी पक्की झाली.

पुढं इंद्रायणी तांदळाच्या पिशव्यांवर चिकटवायची लेबलं छापायला एक चिमुकला प्रिंटर आला आणि घोळ सुरू झाला. कुणीतरी घाईत चुकीचा प्रिंटर निवडायचं, मग लेबलं माझ्या रुंद कागदावर आणि चलान त्याच्या बोटभर पट्टीवर. भाऊ वैतागले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण हट्टाला पेटला. महिनाभर त्यांनी वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरशी झटापट केली आणि एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला आधीच लिहून दिलेला हुकूम. चलान असेल तर थोरला, लेबल असेल तर धाकटा. आमची ही नावंही भाऊंनीच ठेवली. माणसानं फक्त बटण दाबायचं, हाक बरोबर ज्याच्या त्याच्या घरी जायची. कॉम्प्युटरनं दिवसातून साठ वेळा “थोरला” म्हणावं आणि मी साठ वेळा ओ द्यावी, असे ते दिवस होते. मी सुखी होतो, मित्रांनो.

फाटकावर कोंडाजीआबा बसत. त्यांची एक सवय भाऊ नेहमी हसत सांगायचे. आबा गुलाबी कागद उलटा करत, पाठीवरून अंगठा फिरवत आणि मगच फाटक उघडत. असं का करत, ते मला ठाऊक नव्हतं. टेबल सोडून मी कधी फाटकापर्यंत गेलोय थोडाच!

मग भाऊ निवृत्त झाले आणि वराळ्याला मुलाकडं, प्रज्ञेशकडं राहायला गेले. जाताना त्यांनी खुर्ची अनघाच्या हाती दिली. अनघा कामशेतचीच, हुशार आणि कामाला वाघ. भाऊ तिला म्हणाले, “बाकी काय बी बदल, पर त्या स्क्रिप्टला हात लावू नको.” “नाही लावणार भाऊ, शब्द देते,” ती म्हणाली. भाऊंनी माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि ते गेले. त्या दिवशी चलानाची एक ओळ माझ्याकडून वाकडी गेली. लोक म्हणाले, कागद सरकला असेल.

वर्षभरानं नवा लेझर प्रिंटर आला. गोरापान, मुका, झरझर काम करणारा. आता बिलं आणि चलानाच्या तिन्ही रंगांच्या प्रती, सगळं त्याच्यावर छापायचं होतं. पण स्क्रिप्ट तर चलानासाठी ‘थोरला’लाच हाक मारणार, आणि स्क्रिप्टला हात लावायचा नाही असा शब्द दिलेला. अनघानं काय करावं? तिनं माझं नाव बदलून ‘जुना’ केलं आणि ‘थोरला’ हे नाव नव्याला देऊन टाकलं. स्क्रिप्टमधलं एक अक्षर हललं नाही. पोरीनं शब्द पाळला, अर्थ तेवढा सांडला.

मला बारदानात गुंडाळून समोरच्या लोखंडी कपाटावर ठेवलं. तोंड उघडंच राहिलं होतं, तिथून स्क्रीन दिसायची. गाडी काट्यावर आली की स्क्रीनवर पाटी यायची, ‘थोरला छापत आहे.’ माझ्या चोवीसच्या चोवीस सुया शिवशिवायच्या. हाक माझी, ओ देणारा दुसरा. काम गेल्याचं दुःख असतंच, पण आपल्या नावानं दुसऱ्याला बोलावताना रोज बघायचं, ते जास्त लागतं. मला भाऊंची फार आठवण यायची. दार वाजलं की वाटायचं, तेच आले. यायचा तो चहावाला.

अशातच शेठनी फर्मान काढलं, “ते वरचं धूड गुरुवारी सोमाटण्याच्या भंगारवाल्याला देऊन टाका.”

गुरुवार उजाडला. त्याच दिवशी कोंडाजीआबा कामावर परतले. पाय मोडल्यामुळं ते अडीच महिने घरी होते आणि बदलीचा माणूस कागद न बघताच फाटक उघडत होता. सकाळी कैलास ड्रायव्हरची गाडी भरली. त्याला दुपारच्या आत घाट उतरायचा होता. पाचच मिनिटांत आबा काठी टेकत ऑफिसात आले, हातात गुलाबी कागद.

“पोरी, ह्यो कागुद कुणी दिला?”

“मीच, आबा. नव्या प्रिंटरचा आहे. सुबक आलाय ना?”

“सुबक हाय, पर बोटाला कायबी सांगत न्हाई. गाडी न्हाई सोडायची.”

मागून कैलास आला. “आबा, घाटात अडकंल की गाडी! कागदावर सगळं लिवलंय, वाचा तरी.”

“वाचाया येत असतं तर फाटकावर बसलो असतो का?” आबा म्हणाले. मग अनघाकडं वळून हळू आवाजात म्हणाले, “लय वर्सांमागं एकानं चलानाची झेरॉक्स काढून चाळीस पोती दुसऱ्यांदा भायेर काढली. ठपका माज्यावर. तवा भाऊंनी मला शिकावलं, आबा, कागुद उलटा करा. खऱ्या चलानाच्या पाठीला बारीक टोचे लागत्यात. झेरॉक्सची पाठ गुळगुळीत. तवापासनं बोटानं वाचतो मी.”

मित्रांनो, मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी शाईनं जे लिहीत होतो ते वाचणारे पुष्कळ होते. माझ्या घावांनी कागदाच्या पाठीवर जे उमटत होतं, ते वाचणारा हा एकटा माणूस होता.

अनघानं मला कपाटावरून उतरवलं. बारदान काढलं, वायर जोडली, तीन प्रतींचा कागद लावला. कॉम्प्युटरमध्ये ‘जुना’ हा नेहमीचा प्रिंटर म्हणून निवडला आणि बटण दाबलं. कागद निघाला लेझरमधून! पुन्हा निवडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. स्क्रिप्ट कुणाची निवड जुमानत नव्हती, ती ‘थोरला’लाच हाक मारत होती, आणि थोरला आता तो होता. मी कागद लावून तयार उभा, आणि मला कुणी हाकच मारेना. बाहेर कैलास हॉर्न वाजवत होता. त्यात भंगारवाल्याचा टेम्पोही दारात येऊन उभा राहिला.

शेवटी अनघानं पहिल्यांदाच स्क्रिप्ट उघडली. बदलायला नाही, वाचायला. चलानाच्या हुकुमावर भाऊंनी एक टीप लिहून ठेवली होती. तिनं ती मोठ्यानं वाचली, “चलान फक्त थोरल्यावरच. कोंडाजी बोटानं वाचतो.”

मग तिनं वराळ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. “भाऊ, चुकलंच माझं. तुम्ही हात लावू नको म्हणालात, म्हणून मी उघडलीच नाही.”

पलीकडून आवाज आला. थकलेला, पण तोच. “तुजं न्हाई चुकलं, पोरी. हात लावू नको म्हणालो, पर वाच म्हणायचं ऱ्हाऊनच गेलं.”

“मग आता एक ओळ घालू का? बिलं नव्यावर जाऊ देत.”

“घाल की. आता ती तुजी हाय.”

तिनं लेझरचं नाव ‘मधला’ ठेवलं. माझ्या नावापुढचं ‘जुना’ पुसलं आणि तिथं लिहिलं, ‘थोरला’. बटण दाबलं. हाक आली, मित्रांनो! अडीच महिन्यांची धूळ झटकत मी असा काही खडखडलो की टेम्पोवालासुद्धा आत डोकावला. अनघानं फोन माझ्याजवळ धरला.

“उजव्या अंगाला अडखळतोय जरा,” भाऊ म्हणाले. “फीत सैल झाली असंल.” चलान संपलं तरी फोन चालू होता.

आबांनी गुलाबी कागद उलटा केला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हां. ह्यो बोलतोय.” फाटक उघडलं. भंगारवाला एक फुटकी खुर्ची घेऊन गेला.

त्यानंतर भाऊ “येतो एकदा” म्हणाले, पण अजून आलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. मी वाट बघतो. मित्रांनो, मोठ्यांनी सांभाळायला दिलेली वस्तू नुसती जपू नका. ती का दिली, ते उघडून वाचा. आणि कुणाचं नाव दुसऱ्याला देण्याआधी, तो काय काय करत होता ते एकदा फाटकावर जाऊन विचारा.

त्या दिवशी अनघानं स्क्रिप्टमध्ये भाऊंच्या टिपेखाली स्वतःची एक टीप लिहिली. कॉम्प्युटर अशा टिपा ओलांडून पुढं जातो, त्या माणसांसाठीच असतात. तिनं लिहिलंय, “दर गुरुवारचं पहिलं चलान भाऊंना फोनवर ऐकवायचं.”